७८६ ची नोट आणि पेटीतली नाणी

आपल्या समाजात जुन्या नाण्या-नोटांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘माझ्याकडे ७८६ ची नोट आहे, किती येतील?’ लग्नाच्या मांडवात, एसटीत, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर, कुठेही हा प्रश्न भेटतो. मी नाणी जमवतो हे रत्नागिरीत थोड्याफार लोकांना माहीत आहे, त्यामुळे मला तर हमखास भेटतो. विचारणारा पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून जपून ठेवलेली नोट काढतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. ‘दहाची आहे, दहा येतील’ असं सांगितलं की त्याला वाटतं, ह्याला काही कळत नाही, नाहीतर स्वस्तात लाटायला बघतोय.

म्हणून आधी हिशेब मांडतो. नोटेवर सुरुवातीला अंक-अक्षरांचा गट असतो आणि पुढे सहा आकडे. एका गटात साधारण दहा लाख नोटा निघतात. सहा आकड्यांत ७८६ हे तीन आकडे सलग यायला चार जागा आहेत. गणित केलं तर दहा लाखांत ३,९९९ नोटांवर ७८६ येतो. म्हणजे दर अडीचशे नोटांमागे एक. असे असंख्य गट आजवर छापले गेले. बँकेतून शंभराच्या नोटांची तीन बंडलं आणली तर त्यांतही एखादी सापडायची शक्यता बरीच. जी वस्तू इतकी मुबलक आहे ती दुर्मीळ कशी? नुसता ७८६ हाच क्रमांक असलेली, कोरी करकरीत नोट असेल तर गोष्ट थोडी वेगळी. एखादा हौशी माणूस तिला चार पैसे जास्त देतो. पण ‘तीन लाख मिळतील’ हा मोबाईलवर फिरणारा मजकूर शुद्ध थाप आहे.

ही थाप फुकटात पडत नाही. त्या मजकुराखाली फोन नंबर असतो. फोन केला की समोरचा गोड बोलतो, नोटेचा फोटो मागवतो, किंमत पक्की झाल्याचं सांगतो आणि मग नोंदणी फी, कमिशन, कर अशी एकेक रक्कम भरायला लावतो. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्हही वापरलं जाऊ लागलं, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर खुलासा करावा लागला: आम्ही अशा व्यवहारात नाही, कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही, दुसऱ्या कुणाला आमच्या वतीने मागायचा अधिकारही दिलेला नाही. माता वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या २०१२ सालच्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांबद्दल हिंदू घरांत जे सांगितलं जातं, तेच आपल्याकडे ७८६ बद्दल. फसवणाऱ्याला धर्म नसतो. गिऱ्हाइकाचा धर्म कोणता, एवढं मात्र तो नीट बघतो.

पैशाचं झालं. आता बरकतीचं. ७८६ हा बिस्मिल्लाहच्या अक्षरांचा अबजद पद्धतीने काढलेला बेरजेचा आकडा. तो कुरआनात नाही. अनेक आलिमांनी त्याला शरीयतचा आधार नाही असं सांगितलेलं आहे. पत्राच्या वर आदबीसाठी कुणी तो लिहीत असेल तर मी वाद घालणार नाही. पण छापखान्यातल्या यंत्रातून ओळीने निघालेल्या क्रमांकात बरकत शोधायची आणि तीही विकायला काढायची, हे कुठल्या हिशेबात बसतं? या बाबतीत एक जुना दाखला आहे. अकबराच्या सुरुवातीच्या काळात आणि पुढे शाहजहानच्या नाण्यांवर कलिमा असायचा. औरंगजेब गादीवर आला आणि त्याने कलिमा नाण्यांवरून काढून टाकला. कारण सांगितलं गेलं ते असं की, नाणं कुणाच्याही हातात जातं, कुठेही पडतं, पायदळी येतं; तिथे अल्लाहचं नाव नको. त्याचं बाकी काही कुणाला पटो न पटो, धर्माच्या बाबतीत तो ढिला होता असं कुणी म्हणणार नाही. त्याला जे कळलं ते साडेतीनशे वर्षांनी आपल्याला कळू नये याचं नवल वाटतं.

हे सगळं डोक्यात असतानाच मागे एकदा पुण्याच्या एका नाणे प्रदर्शनाला गेलो होतो. रत्नागिरीत असं प्रदर्शन क्वचित, त्यामुळे पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. रात्रीची एसटी, पहाटे स्वारगेट, चहा-पाव आणि दहाच्या ठोक्याला हॉलच्या दारात. खिशात तीन हजार रुपये, एक भिंग आणि छोटा वजनकाटा. ज्यांनी असं प्रदर्शन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मंगल कार्यालयासारखा हॉल असतो, ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलावर काचेच्या पेट्या आणि अल्बम, मागे व्यापारी. एका बाजूला संग्राहकांनी मांडलेली, विकायची नसलेली नाणी. घासाघीस चालते, पण ओरडा नसतो. शाळकरी मुलापासून निवृत्त मास्तरांपर्यंत सगळे वाकून भिंगातून बघत असतात. दहा रुपयांना एक अशा परदेशी नाण्यांच्या ढिगापाशी पोरांची गर्दी, आणि सोन्याच्या नाण्यांपाशी दोन-तीनच माणसं, तीही फार न बोलणारी.

दारातून आत शिरलो तर पहिल्याच टेबलावरून हाक आली, ‘काका, ७८६ आहे, बघा.’ माझी दाढी बघून त्याने माल पुढे केला, त्याची काही चूक नाही. त्याच्याच शेजारी मक्का-मदिनेचं चित्र आणि कलिमा असलेली पितळी चकती होती, ‘मुघल जमान्यातली’. आणि त्याच ट्रेमध्ये ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, अर्धा आणा’ असं लिहिलेली राम-सीतेची चकती. कंपनीने १८१८ मध्ये असली नाणी पाडलेलीच नाहीत. कंपनीचा ‘अर्धा आणा’ असं इंग्रजीत लिहिलेला, सगळीकडे चालणारा पैसा १८३५ नंतरचा. या चकत्या तीर्थाच्या ठिकाणी विकायला पुढे कधीतरी केलेल्या. एकाच ट्रेमध्ये दोन धर्मांची श्रद्धा गुण्यागोविंदाने विक्रीला होती.

पुढची टेबलं मात्र खऱ्या मालाची होती. शिवराई बघितली. तांब्याची, जाडजूड, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. झिजलेली होती म्हणून स्वस्त मिळाली. शेजारीच अंकुशी रुपया. पेशव्यांच्या पुण्याच्या टाकसाळीतला, हत्तीच्या अंकुशाची खूण असलेला चांदीचा रुपया. त्यावर अक्षरं फारसी, नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं, आणि टाकसाळीचं नाव मुहियाबाद पुणे. पेशवाई बुडाल्यावर कंपनीने तोच साचा आणखी काही वर्षं चालू ठेवला, कारण बाजार तोच रुपया ओळखत होता. माझ्या पुढे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलाला हे कळेना. ‘पेशव्यांच्या नाण्यावर उर्दू कसं?’ व्यापारी म्हणाला, ‘उर्दू नाही, फारसी. तेव्हा चालायचं ते.’ इतक्या साध्या वाक्यात त्याने विषय संपवला.

मला वाटतं, नाणी बघण्याचा मोठा फायदा हाच आहे. ती कुणाच्याच बाजूने भाषण करत नाहीत. महमूद गझनवी म्हटलं की आपल्याकडे एकाच चित्राची सवय आहे. त्याच महमूदने लाहोरला हिजरी ४१८ मध्ये पाडलेल्या चांदीच्या दिरहमवर एका बाजूला अरबी कलिमा आहे आणि दुसऱ्या बाजूला नागरी वळणाच्या लिपीत त्याचं संस्कृत भाषांतर: ‘अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद’. मुहम्मद घोरीच्या सोन्याच्या नाण्यावर बसलेली लक्ष्मी आहे. हैदर अलीच्या होनावर शिव-पार्वती. यावरून ही माणसं सर्वधर्मसमभावाची होती असा निष्कर्ष काढायला मी सांगत नाही. लोकांनी नाणं घ्यावं, बाजार चालावा, ही राज्यकर्त्याची गरज होती. पण मग त्यांना नुसतं दुसऱ्या टोकाला नेऊन बसवणंही खोटंच. ‘आपल्या बादशहांची नाणी’ म्हणून मुघल रुपये जमवणारा आपला तरुण आणि ‘आपल्या राजांची नाणी’ म्हणून दुसरं काही जमवणारा त्याचा मित्र, दोघांनी एकमेकांचे अल्बम बदलून बघावेत. दोघांनाही आपल्या अल्बममधलं नाणं पहिल्यांदा वाचता येईल.

दुपारी तीनच्या सुमाराला एका काचेच्या पेटीपाशी थांबलो आणि तिथून हललो नाही. आत शंभर रुपयांची नोट होती, क्रमांकाआधी इंग्रजी एच-ए ही अक्षरं. हज नोट. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हिंदुस्थानातून हजला जाणाऱ्यांसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या होत्या. हाजींनी त्या सौदीत नेऊन तिथल्या पैशात बदलून घ्यायच्या. शेजारी त्याच वर्षीची, झेड अक्षराने सुरू होणारी, आखाती देशांसाठी छापलेली नोट होती. तेव्हा कुवेत, बहरीन, कतर, दुबई, सगळीकडे आपलाच रुपया चालायचा. सोन्याच्या तस्करीतून तो परत हिंदुस्थानात येऊन परकीय चलन खात होता, म्हणून सरकारने तिकडचा रुपया वेगळ्या रंगाचा केला. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला, बहरीनने १९६५ मध्ये. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि कतर-दुबईनेही हा रुपया सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत टिकला.

किंमत लाखांत होती, म्हणून घेण्याचा प्रश्नच नव्हता. मी विचारलं, ही आली कुठून? व्यापारी म्हणाला, ‘कोकणातून. तुमच्याच बाजूची. एका घरातली जुनी पेटी विकली होती कुणीतरी.’ कुणाचं घर? ‘ते कोण विचारतं, काका.’

तो खरं बोलत असेल किंवा माल खपवायला बोलत असेल. पण ते अगदी शक्य आहे, आणि मला टोचतं ते हेच. मुंबईहून जेद्दाला हाजींची जहाजं १९९५ पर्यंत जात होती. त्या जहाजांवर रत्नागिरी, राजापूर, खेड, दापोलीकडची किती माणसं गेली असतील. कुणीतरी वर्षानुवर्षं पैसे साठवले, बंदराला लागून मुंबई गाठली, मुसाफिरखान्यात राहिला, ती नोट घेतली आणि खर्च न करता परत आणली. का आणली? आठवण म्हणून की उरली म्हणून? त्याचं नाव काय? नोटेची किंमत लागली आणि तिच्याबरोबरचं हे सगळं कायमचं गेलं. एच-ए अक्षरांच्या नोटा अजून काही असतील. तो माणूस एकच होता.

आपण कोकणातले मुसलमान स्वतःच्या इतिहासाबद्दल नेहमी तक्रार करतो. पुस्तकांत आपण नाही, गॅझेटियरमध्ये दोन ओळी, बाकी सगळं ऐकीव. तक्रार खोटी नाही. पण जे लेखी आहे, धातूवर आणि कागदावर छापलेलं आहे, ते आपल्या माळ्यावरच्या पेटीत पडलंय त्याचं काय? दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर. या किनाऱ्यावर लारी नावाचं अजब नाणं चालायचं. चांदीची तार दुमडून केसांच्या पिनेसारखी केलेली आणि वर शिक्का मारलेला. नाव इराणमधल्या लार शहरावरून. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने ती पाडली. रत्नागिरी जिल्ह्यात तिचे साठे सापडल्याच्या नोंदी आहेत. मालदीवमध्ये आजही रुपयाच्या शंभराव्या भागाला लारी म्हणतात. घोडे, मिरी, कापड, हाजी, खलाशी, या सगळ्यांच्या येण्याजाण्याचा तो पुरावा आहे.

आणि लारी सगळ्यांकडे नसेल, पण बाकीचं आहे. आफ्रिकेला गेलेल्या आजोबांनी आणलेला भोकाचा दहा सेंटचा पैसा आहे. जहाजावर काम केलेल्या मामूंच्या डब्यात दहा बंदरांची चिल्लर आहे. दादीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ आहे. ती पुतळी मूळची व्हेनिसच्या सोन्याच्या डुकॅटवरून आलेली. नाण्यावर उभा संत आणि त्याच्यापुढे वाकलेला तिथला राजा; आपल्याकडे लोकांना त्या बाहुल्या दिसल्या म्हणून पुतळी. नानीच्या निकाहात आलेले राणीछाप रुपये आहेत. कुवेतहून आलेल्या गिन्या आहेत. कोकणी माणूस कुठे कुठे राबला त्याचा नकाशा या डब्यात आहे.

आपण त्याचं काय करतो? गिनी आणि रुपया सराफाकडे जातो आणि काट्यावर मोडला जातो. भोकाचा पैसा पोरं खेळून हरवतात. नोटा उंदीर खातात. आणि पाकिटाच्या आतल्या कप्प्यात, सगळ्यात जपून, असते ७८६ ची नोट.

‘अडचणीत असलेल्या माणसाने दागिना मोडायचा नाही का?’ असं कुणी म्हणेल. जरूर मोडावा. पोराची फी किंवा आईचं ऑपरेशन नाण्यापेक्षा मोठं आहे. पण निदान काय मोडतोय ते माहीत असावं. राणीछाप रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात चांदी जवळपास ९२ टक्के. १९४० नंतरच्या रुपयात चांदी निम्मी आणि १९४७ चा रुपया निकेलचा, चांदी शून्य. एवढं माहीत असलं तरी सराफापुढे बसताना फरक पडतो. काही सालांची, काही टाकसाळींची नाणी चांदीच्या भावापेक्षा बरीच जास्त किमतीची असतात. तेव्हा मोडण्याआधी ती एखाद्या जाणकाराला दाखवावीत.

दुसरा आक्षेप घरातूनच येतो. ‘तीन हजार रुपये जुन्या पैशांवर घालवलेस, हा इस्राफ नाही का?’ प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की मर्यादा घालून, गरजा भागवून, वाचायला म्हणून घेतलेलं नाणं हे पुस्तकासारखं आहे. शंभर पुस्तकं घेऊन एकही न वाचणं हा जसा इस्राफ, तसंच न वाचता अल्बम भरणं. त्या दिवशी मी शिवराई घेतली, अंकुशी रुपया घेतला आणि पोरांच्या ढिगातून पूर्व आफ्रिकेचा एक दहा सेंट. एसटीच्या तिकिटापुरते पैसे उरले.

आता जे करता येण्यासारखं आहे ते सांगतो. या ईदला घरचे सगळे जमले की पेटी खाली काढा. म्हातारी माणसं आहेत तोवर एकेक नाणं त्यांच्या हातात द्या आणि विचारा: हे कुणी आणलं, कुठून, कधी? जे सांगतील ते कागदावर लिहा, मराठीत, उर्दूत, जमेल तसं. नाणं साध्या कागदी पाकिटात घाला आणि ती चिठ्ठी त्याच पाकिटात ठेवा. नाणं चिंचेने, राखेने घासू नका. चकाकी येते आणि अक्षरं जातात. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात तांबं हिरवं पडतं. फाटलेल्या नोटेला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच.

कायद्याच्याही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. घराचा पाया खणताना किंवा कलमांसाठी खड्डे काढताना नाणी सापडली तर ती आपली होत नाहीत; १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. आखातातल्या मुलाला आठवण म्हणून दादीचा राणीछाप रुपया सामानात घालून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. त्याला फोटो आणि चिठ्ठीची नक्कल पाठवा.

शेवटचं काम जमातीचं आणि शाळांचं. आपल्या मोहल्ल्यांत जलसे होतात, क्रिकेटचे सामने होतात, हॉल आहेत. वर्षातून एक दिवस पेट्यांमधल्या नाण्यांचा मांडा. विक्री नको, बोली नको. प्रत्येक नाण्याशेजारी ज्याचं ते आहे त्याच्या घरची चिठ्ठी असली म्हणजे झालं. शेजारच्या आळीतल्या हिंदू घरांनाही बोलवा. त्यांच्याकडेही मुंबईच्या गिरण्यांचा, रंगूनचा, आफ्रिकेचा डबा असेल. ७८६ ची नोट कुणी आणली तर तीही ठेवा, पण तिच्याशेजारी दर अडीचशे नोटांमागे एक हा हिशेब लिहून ठेवा.